दीड फुटांचा समुद्र

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाने घरात समुद्र आणून ठेवावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी थोडी हास्यास्पद वाटते. काशीहून आलेल्या माणसाने गडूभर गंगा देव्हाऱ्यात ठेवली तर ते आपल्याला समजते. त्यामागे श्रद्धा असते, आणि काशी दूर असते. पण वर्सोव्याच्या वाळूपासून पाच मिनिटांच्या वाटेवर ज्याचे बिऱ्हाड आहे, खाऱ्या वाऱ्यामुळे ज्याच्या खिडकीचे गज दर पावसाळ्यानंतर खरवडून रंगवावे लागतात, आणि बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत पडल्याची बातमी ज्याला वाराच आणून देतो, त्याने टेबलावर काचेची पेटी मांडावी, तीत मोजून मीठ घातलेले पाणी ओतावे आणि त्या पाण्यात दोन मासे सोडून त्यांच्याकडे बघत बसावे, याला काय म्हणावे?

तरी जगभर असंख्य माणसे हे करतात, आणि यंदा माझ्या घरीही ते होऊ घातले आहे. दिवाळीला फटाके नकोत, नवा फ्रॉक नको, समुद्रातले मासे हवेत, असे माझ्या नऊ वर्षांच्या नातीने गणपतीतच जाहीर केले. जे मूल आपण होऊन फटाक्यांवर पाणी सोडते, त्याला नाही म्हणणे कठीण. पेटी ठरली: दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खिडकीजवळच्या टेबलावर याहून मोठी मावत नाही. मग प्रश्न उरला तो एवढाच, की तीत कोणते मासे ठेवायचे. दुकानात जाऊन दहा मिनिटांत सुटावा असा हा प्रश्न. पण गेले दोन महिने मी तो उशाशी घेऊन झोपतो आहे. ज्याचे सगळे जग आपल्या हातात आहे अशा जिवाशी आपण कसे वागावे, या फार जुन्या प्रश्नाचेच हे एक धाकटे भावंड आहे, असे मला वाटू लागले आहे.

वर्सोव्यात माशांच्या बाबतीत नीतीचा प्रश्न काढणे हेच मुळी धाडसाचे आहे. इथले कोळी आपल्या गावाला वेसावे म्हणतात, आणि वेसाव्याच्या बंदरावर होड्या लागल्या की टोपल्यांमागून टोपल्या उतरतात. जवळा, करंदी, मांदेली, बोंबील यांची मोजदाद इथे नगावर होत नाही, वाट्यावर होते. एका वाट्यात किती मांदेली आल्या, हे कुणी विचारत नाही, आणि विचारले तर तो हसण्यावारी जाईल. मी स्वतः हे मासे खातो, आवडीने खातो. रोज वाटाभर मासे तव्यावर टाकणाऱ्या घराने दोन माशांच्या सुखदुःखाची चिंता वाहावी, हे ढोंग नव्हे काय?

हा आक्षेप माझ्या मनात होताच. तो उघड केला आमच्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी. मी काय वाचत बसलो आहे याची त्यांनी चौकशी केली आणि हसत म्हणाल्या, "मास्तर, दोन माशांसाठी एवढा इचार? खानार हाव काय त्यांना?"

"नाही हो मावशी, नुसते बघायला."

त्यांचा कोयता क्षणभर थांबला. "मंग कराच इचार," त्या म्हणाल्या. "आमी आनतो तो मासा जालात येईपर्यंत दर्याचा असतो. तुमचा तो तुमच्या घरचा झाला."

इतक्या थोड्या शब्दांत इतका मोठा फरक मला तरी सांगता आला नसता. जो मासा आपण खातो, त्याच्या आयुष्याची शेवटची घटका आपण घेतो. ती घेणे रास्त आहे की नाही, याविषयी आमचे जैन शेजारी आणि मी कधीच एकमत होणार नाही, आणि त्यांचे म्हणणे खोटे आहे असे सिद्ध करण्याची माझी ताकद नाही. पण त्या शेवटच्या घटकेपूर्वीचे सारे आयुष्य त्या माशाचे असते. तो कुठे फिरला, काय खाल्ले, कुणाला भ्याला, कुणाशी जोडी जमवली, यात माझा काही संबंध नव्हता. पेटीतल्या माशाचे मी काहीच हिरावून घेत नाही असे वरवर दिसते. मी त्याला मारत नाही, उलट खायला घालतो. पण त्याची सकाळ माझ्या दिव्याच्या बटणाने होते. त्याची भूक माझ्या आठवणीवर अवलंबून असते. त्याने शेजारी म्हणून कुणाबरोबर जन्म काढायचा, हे मी दुकानात उभा राहून ठरवतो. मारणाऱ्याची जबाबदारी एका क्षणाची असते, आणि पाळणाऱ्याची त्या जिवाच्या सगळ्या आयुष्याची. ही दुसरी जबाबदारी दिसायला सौम्य असल्यामुळे माणूस तिचा विचार करत नाही.

आता या आयुष्याला जागा किती? गणित सोपे आहे. दीड फूट गुणिले एक गुणिले एक, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण 42 लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा जाता हाती उरतात 35 लिटर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे माझा सगळा समुद्र करायला सव्वा किलो मीठ पुरते. ते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे मंडळी ठराविक प्रमाणात असावी लागतात. 'समोर एवढा समुद्र असताना मीठ विकत?' असे शेजारी विचारतात. पण मालाडच्या खाडीतून या उपनगराचे सांडपाणी ज्या किनाऱ्याला येऊन मिळते, तिथले पाणी बादलीने आणून कुणाच्या घरात ओतावे, असे मला वाटत नाही.

या 35 लिटरांचा एक स्वभाव आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ त्यातच आहे. खऱ्या समुद्रात चूक विरघळते. एक मासा मेला तर त्याचे काही बिघडत नाही. खेकडे येतात, जंतू येतात, भरती येते आणि सगळे धुऊन नेते. माझ्या समुद्राला भरती नाही. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत त्यातले पावणेदोन लिटर पाणी उडून गेले, तर मीठ तेवढेच राहते आणि पाणी कमी होते. खारटपणा 35 वरून जवळजवळ 37 वर जातो. ते भरून काढायला गोडे पाणी घालावे लागते. खारे घातले तर रोग वाढतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. मासा जे टाकतो त्यातून अमोनिया होतो, आणि अमोनिया त्याला विषासारखा बाधतो. वाळूत आणि दगडांवर वसती करणारे सूक्ष्म जंतू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि मग ते आपण पाणी बदलून काढून टाकतो. ही जंतूंची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी दिसायला स्वच्छ, आणि राहायला घातक असते.

पेटी जितकी लहान तितकी सांभाळायला सोपी, हा म्हणूनच भ्रम आहे. मोठ्या कारभारात एखादी हयगय पोटात घातली जाते. लहान कारभारात प्रत्येक हयगय कुणाच्या तरी अंगावर पडते. शंभर मुलांच्या शाळेत मास्तर एक दिवस चिडका असला तर शाळा चालते. एका मुलाच्या घरात आई एक दिवस चिडकी असली, तर त्या मुलाच्या जगाचे हवामानच बदलते.

दुकानात मात्र याची आठवण करून देणारे काहीही नसते. फुले मंडईच्या, म्हणजे आपल्या जुन्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मी चार-पाच दुकाने हिंडलो. निळ्या दिव्याखाली मासे असे झळकतात, की दागिन्यांच्या पेढीवर उभे असल्यासारखे वाटावे. तिथे माणूस आपोआपच दागिना निवडतो तसा मासा निवडू लागतो: हा निळा घ्या, त्याला हा पिवळा शोभेल. एक गर्द निळा, पिवळ्या शेपटीचा मासा नातीने ओळखला. तो तिने सिनेमात पाहिला होता. दुकानात तो दोन इंचांचा होता. पूर्ण वाढला की तो फूटभर होतो, म्हणजे माझ्या पेटीच्या रुंदीएवढा. दुसरा मँडरिन नावाचा, पैठणीच्या काठासारखी नक्षी अंगावर असलेला. तो दिवसभर दगडांवरचे बारीक जिवंत प्राणी टिपत असतो. लहान नव्या पेटीत ते थोड्याच दिवसांत संपतात, आणि इतर काही बहुधा तो तोंडात धरत नाही. इतका देखणा मासा भरल्या घरात उपाशी मरतो. तिसरा एक सडपातळ, काळा पट्टा असलेला, मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी किडे खाऊन जगणारा 'सफाईवाला'. 2019 साली जपानी संशोधकांनी याच जातीच्या माशांना आरसा दाखवला, तेव्हा आपल्या गळ्यावरचा रंगाचा ठिपका आरशात पाहून ते गळा वाळूवर घासू लागले, असे दिसले. याचा अर्थ काय लावावा याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण 'माशाला काय कळते?' हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो, एवढे तरी त्यावरून समजावे.

आणि चौथा प्रकार सगळ्यांत स्वस्त. काळे-पांढरे पट्टे असलेला हा मासा चिवट असतो. "पाणी तयार करायला आधी हे दोन टाका," असा सल्ला मला मिळाला. "ते जगले, तर मग बाकीचे आणा." म्हणजे जंतूंची वसाहत जमेपर्यंत ज्या पाण्यात विष आहे, त्या पाण्यात यांनी राहायचे, आणि आपल्या टिकण्याने ते पाणी इतरांसाठी योग्य झाल्याची ग्वाही द्यायची. नव्या पुलाच्या पायात बळी देत, अशा गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. आता ऐकून शहारतो. मासा स्वस्त आहे म्हणून तो बळी चालतो, या युक्तिवादात 'मासा' या शब्दाच्या जागी आपण इतिहासात कोणकोणते शब्द घातले आहेत, ते आठवून पाहावे. शिवाय त्या बळीची गरजही नाही. मावशींच्या टोपलीतली एक मेलेली करंदी पाण्यात कुजू दिली, की जंतूंना हवा तो अमोनिया मिळतो. मी तेच केले आहे.

सुंदर वस्तू घरात आणण्याच्या हौसेने जिथून ती आणली त्या जागेचे काय होते, याचा पहिला धडा या छंदाच्या जन्माबरोबरच मिळाला होता. 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनज्ञाने पाणवनस्पती, गोगलगायी आणि दोन सोनेरी मासे एका पात्रात ठेवून, ते एकमेकांच्या आधाराने कसे तगतात ते दाखवले. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि 1854 साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाचे 'अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक निघाले. गॉस अत्यंत धार्मिक वृत्तीचा. खडकांतल्या डबक्यांत त्याला ईश्वराची कारागिरी दिसे, आणि ती त्याने लोकांना दाखवली. लोक बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, 1907 साली लिहिलेल्या आत्मचरित्रात या डबक्यांची पुढे कशी लूट झाली, आणि आपल्या पुस्तकांचा हा परिणाम पाहून वडिलांना किती यातना झाल्या, हे लिहून ठेवले आहे. ज्याने प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणुकीने प्रेमाची वस्तू नाहीशी झाली.

तो धडा आपण अजून पुरता घेतलेला नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आज बहुतेक तळ्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक समुद्रातून धरून आणलेले. 2003 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज होता, की दरवर्षी दोन कोटींहून अधिक सागरी मासे या हौसेसाठी विकले जातात. फिलिपाइन्समध्ये 1960 नंतर प्रवाळांत सायनाइडचे पाणी फवारून मासे गुंगवून धरण्याची पद्धत पसरली. अशा माशाच्या अंगावर कसलीच खूण दिसत नाही. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा एक चंदेरी-काळा मासा, ज्याचा नर आपली पिले तोंडात सांभाळतो, 1990 नंतरच्या दशकात एकाएकी लोकप्रिय झाला, आणि 2007 साली त्याचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीत गेले. आपल्याकडे 2001 सालापासून समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरात बाळगणे तर सोडाच, ते किनाऱ्यावरून उचलणेही गुन्हा आहे. माझ्या पेटीत म्हणून साधे, कोरडे दगड आहेत.

'मग आपल्याच किनाऱ्यावरचा एखादा लहान मासा आणा की,' असे एका स्नेह्याने सुचवले. ओहोटीला कातळ उघडे पडले की त्यांतल्या डबक्यांत दोन-तीन इंचांचे गोबी जातीचे मासे दिसतात. मातकट, मोठ्या डोळ्यांचे. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या यांच्याच नात्यातल्या. डबके तर माझ्या पेटीपेक्षाही लहान असते. त्यात जो सुखाने राहतो, त्याला पेटी काय वाईट?

हा युक्तिवाद मला पटलाही असता. पण 1951 साली न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या लेस्टर अ‍ॅरॉन्सन यांनी नेमक्या अशाच एका गोबीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. हा मासा ओहोटीच्या वेळी धोका दिसला की एका डबक्यातून शेजारच्या डबक्यात अचूक उडी घेतो. शेजारचे डबके तर त्याला दिसत नसते. मग चुकून खडकावर कसा आपटत नाही? अ‍ॅरॉन्सन यांनी कृत्रिम डबकी करून पाहिले. ज्या माशांना भरतीच्या वेळी त्या जागेवरून पोहायची संधी मिळाली होती, तेच बिनचूक उड्या मारत. नव्याने आणून सोडलेल्यांना ते जमत नसे. म्हणजे पाणी वर चढलेले असताना हा एवढासा मासा खालच्या खडकांचा नकाशा मनात उतरवून घेतो, आणि ओहोटीला त्या आठवणीवर उडी टाकतो. पुढच्या प्रयोगांत असे आढळले, की चाळीस दिवस बाहेर ठेवल्यावरही तो नकाशा त्याच्या मनातून गेला नव्हता.

हे वाचल्यावर मी डबक्यातल्या माशाचा नाद सोडला. त्याला डबक्यात पाहून आपण समजतो की त्याचे जग डबक्याएवढे आहे. ते त्याचे ओहोटीपुरते जग असते. दिवसातून दोनदा त्याच्या घराच्या भिंती विरघळतात. माझ्या पेटीच्या भिंती कधीच विरघळणार नाहीत. माशाचे माप तोंडापासून शेपटीपर्यंत घेऊन भागत नाही. तो जितक्या पाण्यात वावरतो आणि जितके पाणी त्याला आठवते, तितके त्याचे माप धरावे लागते. माणसांच्या बाबतीत तरी आपण दुसरे काय म्हणतो? गावाहून मुलाच्या दोन खोल्यांत आणून ठेवलेल्या म्हाताऱ्या आईला 'तुला एवढीशी जागा तर लागते' असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

तेव्हा निवड उरते ती अशा जिवांची, ज्यांचे स्वाभाविक जगच लहान आहे आणि ज्यांना समुद्रातून उचलावे लागत नाही. यात पहिले नाव आठवते ते नातीच्या लाडक्या, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशचे, म्हणजे विदूषक माशाचे. 2003 सालच्या एका चित्रपटाने तो घराघरांत पोचवला. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या हातांमध्ये राहतो, आणि त्यापासून चार-दोन हातांपलीकडे क्वचितच जातो. अंडी बाप राखतो, पंखांनी त्यांना वारा घालतो. सगळी पिले नर म्हणून वाढतात. जोडीतली मादी मेली की नरच पुढे मादी होतो. म्हणजे त्या चित्रपटातला बिचारा बाप शास्त्राप्रमाणे थोड्याच दिवसांत आई झाला असता! या माशाची पैदास आपल्या देशातही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला ती साधली. इकडे ऐरोलीच्या खाडीकाठीही अशा पैदासीचे काम चालते. आमच्या वर्सोव्यात तर 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाच आहे, त्यामुळे मत्स्यपैदास हा विषय इथे कुणाला नवा नाही.

इथे एक अवघड शंका येते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हौदात जन्मलेल्या माशाने समुद्र पाहिलाच नाही, म्हणून त्याला समुद्राची उणीव भासणार नाही, असे आपण म्हणतो. पण तुरुंगात जन्मलेल्या मुलाविषयी हेच म्हटले तर? दास्यात जन्मलेल्याला दास्य जाणवत नाही, असे म्हणूनच तर जगात शतकानुशतके दास्य चालले. न पाहिलेल्या गोष्टीची उणीव कुणाला जाणवो न जाणवो, ती गोष्ट हिरावणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही. या शंकेला पुरे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच म्हणता येते, की हौदातला मासा घेतल्याने समुद्रातला एक मासा वाचतो. आणि ज्याच्या जातीला मुळातच हातभर जागेत राहायची सवय आहे, त्याच्यावर होणारा अन्याय सर्वांत थोडा असतो. निर्दोष निवड मिळत नसेल तेव्हा कमीत कमी दोषाची निवड शोधावी, आणि तिला निर्दोष म्हणू नये.

पण नुसत्या जागेचा हिशेब करून भागत नाही, हे मला एका जुन्या कथेने सांगितले. शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला, आणि मोठे मासे लहानांना खातात म्हणून त्याने आसरा मागितला. आधी मला घागरीत ठेव. तीत मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव. त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने, असे त्याने आधीच सांगून ठेवले. मनूने तसे केले. पुढे जलप्रलयात याच माशाने मनूची नाव ओढून नेली. दशावतारांत आपण या माशाला पहिला मान देतो, त्याचा अवतार म्हणून उत्सव करतो. पण मला आता त्या कथेत देवापेक्षा पाळणारा अधिक दिसतो. माझ्या माहितीतला हा घरी मासा पाळणारा पहिला माणूस, आणि त्याने मासा निवडलाही नव्हता. मासा वाढत गेला तसे त्याने भांडे बदलले. भांड्याच्या मापाचा मासा राहावा असा हट्ट धरला नाही. आसरा देणे म्हणजे एकदा घागर देणे नव्हे, पुढच्या खड्ड्याची आणि त्याच्याही पुढच्या समुद्राची तयारी ठेवणे होय.

या कसोटीला विदूषक मासा लावून पाहिला, आणि तिथे मी अडलो. पहिली अडचण पाण्याची: एका जोडीला माझ्या पेटीएवढे पाणी कसेबसे पुरते असे काही जाणकार म्हणतात, तर काहींना याच्या दुप्पट हवे. दुसरी अडचण वर्षांची. चांगल्या निगराणीत हा मासा दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. वीस वर्षांहून अधिक जगलेल्यांच्याही नोंदी आहेत. माझे वय बाहत्तर. नातीचे नऊ. मी आज घरात आणलेला मासा माझ्या पश्चात राहणार, हे जवळजवळ ठरलेले आहे. आणि ती त्या वेळी कुठे शिकत असेल, कुणाच्या घरी नांदत असेल, हे कुणी सांगावे? मनूची शेवटची पायरीही मला मोकळी नाही. हौदात जन्मलेला परक्या समुद्राचा मासा वेसाव्याच्या किनाऱ्यावर सोडून देणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात ठेवणे, आणि इथल्या माशांच्या गळ्यात एखादा अनोळखी रोग बांधणे.

पेटीला लांबी, रुंदी आणि उंची याखेरीज चौथे एक माप असते, ते वर्षांचे. आपण पाळीव जीव घरी आणतो तेव्हा हे चौथे माप मोजतच नाही. ससे, कासवे, पोपट, कुत्री यांच्या बाबतीत मुंबईच्या बिऱ्हाडांत जी केविलवाणी दृश्ये दिसतात, त्यांतली निम्मी तरी या न मोजलेल्या मापातून येतात. मूल शाळेत असते तोवर कुत्रा त्याचा असतो. मूल कॉलेजात गेले की तो कुणाचाच नसतो.

म्हणून माझी निवड शेवटी एका फार सामान्य दिसणाऱ्या जिवावर येऊन थांबली आहे: निऑन गोबी. काळसर अंगावर निळ्या रंगाची एक झळझळीत रेघ, लांबी फार तर दोन इंच. मूळ घर कॅरिबियन समुद्राचे, पण हौदातली त्याची पैदास कित्येक वर्षे होत आली आहे. एका दगडावर बसून तो दिवस काढतो, बारीक खाणे जे द्याल ते खातो, जोडीने राहतो. आयुष्य एक-दोन वर्षांचे, थोडे अधिक म्हणा. एवढे वचन बाहत्तराव्या वर्षी देता येते. मुंबईत तो सहजी मिळत नाही. एका दुकानदाराला पैदाशीचाच हवा म्हणून सांगून ठेवले आहे. मिळेपर्यंत थांबायचे.

नातीला हे सांगणे सोपे नव्हते. विदूषक मासा का नाही, हे मी तिला पेटीची आणि माझ्या वयाची दोन्ही गणिते मांडून समजावले. मुलांना आपण नकार देतो तेव्हा बहुधा कारण देत नाही, किंवा खोटे कारण देतो. खरे कारण तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मी मोठी झाल्यावर मोठी पेटी घेतली तर?" मी म्हटले, "तेव्हा तो तुझा मासा असेल, आणि तेव्हा तू वीस वर्षांचा विचार करशील."

तेव्हा यंदाच्या दिवाळीत आमच्या खिडकीतला समुद्र रिकामा आहे. नवरात्रात पाणी भरले, करंदी कुजली, जंतूंची वसाहत जमते आहे. दगडांवर तपकिरी शेवाळाची झिलई चढली आहे, आणि 'आजोबा, दगडाला रंग आला,' ही बातमी मला रोज मिळते. येणारे-जाणारे विचारतात, मासे कुठे आहेत? त्यांना वाटते, मासे नाहीत म्हणजे अजून काहीच झालेले नाही.

मला तसे वाटत नाही. आपल्या घरात, आपल्या हाताखाली, आपल्या मर्जीवर जगणारे जीव कितीतरी असतात. मासे हे त्यांतले सर्वांत मुके. त्यांच्यावर आपली सत्ता इतकी पूर्ण असते, की तिचा दुरुपयोग झाला तरी कुणी तक्रार करत नाही. अशा सत्तेला आळा घालणारे बाहेरून कुणी येत नाही; तो ज्याचा त्यालाच घालावा लागतो, आणि तो घालायची वेळ मासा घरात येण्यापूर्वीची असते. एकदा तो पाण्यात उतरला, की मग केवळ निभावणे उरते. दीड फुटांच्या रिकाम्या पाण्यासमोर बसून 'कोणता मासा मला आवडेल' याऐवजी 'कोणत्या माशाला हे पाणी पुरेल, आणि किती वर्षे' असा प्रश्न एका नऊ वर्षांच्या मुलीला पडू लागला असेल, तर ती पेटी रिकामी आहे असे मी म्हणणार नाही.